पुस्तकात एक, वॉर्डात एक

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, मुलींना शिकवते, तीन वर्षं झाली. मुली घाटंजी, पांढरकवडा, झरीकडच्या खेड्यांतून येतात. शिक्षण मराठीतून झालेलं, संशोधनाचं पुस्तक मात्र इंग्रजी. व्याख्या पाठ करतात, पेपर लिहितात, विषय संपतो. गेल्या महिन्यात लेबर रूममध्ये एक मुलगी मोठ्या सिस्टरना म्हणाली, "मॅडमनं सांगितलं, पोट दाबू नये." सिस्टरनी तिला बाहेर काढलं आणि केस-बुकवर, म्हणजे तिच्या बाळंतपणांच्या नोंदवहीवर, सही केली नाही. ती रडत माझ्याकडे आली अन् म्हणाली, "मॅडम, पुस्तकात एक अन् वार्डात एक. पेपरात काय लिहू अन् हातानं काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी साठ स्लाइड तयार करून लेक्चर घेतलं, अर्ध्या मुली पेंगल्या. आता पथनाट्य बसवायचं मनात आहे, पण प्राचार्या म्हणतात, "नाटकं नकोत, सिलॅबस संपवा." मोठ्या सिस्टर तर माझ्याशी बोलतच नाहीत. संशोधन हातात उतरेल असं शिकवायचं कसं? मला अगंतुगं केलं तरी चालेल, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात.

— एक ट्यूटर, यवतमाळ जिल्हा

पोरी,

तुझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचला, पत्र बाजूला ठेवलं, चहा केला आणि पुन्हा वाचायला बसले. चौतीस वर्षं मी या कामात काढली, आधी वॉर्डात आणि मग वर्धा-चंद्रपूरकडे शिकवण्यात. इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग.

आधी तिचंच बघू, शिकवण्याचं नंतर.

मुद्दा तिचा बरोबर होता. बाळ लवकर बाहेर यावं म्हणून वरून पोट दाबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या बाळंतपणाच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. त्यानं फायदा होतो याचा भरवशाचा पुरावा नाही, इजा होण्याची भीती मात्र आहे. पण बरोबर गोष्ट त्या खोलीतल्या सगळ्यात लहान माणसाच्या तोंडून गेली, तीही कळा देणारी बाई टेबलावर आणि तिची सासू दाराशी उभी असताना. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या बाईला ते लागणारच. तेव्हा उद्याच तू त्या सिस्टरकडे जा. मुलीला सोबत नेऊ नको. "ती बोलली ते मी शिकवलेलं. ते आधी तुमच्याशी मी बोलायला हवं होतं," एवढंच म्हण. हे खरं आहे, त्यामुळे म्हणताना जड जाणार नाही. सहीचा विषय त्यानंतर काढ. तरी सही झाली नाही तर इन्चार्जकडेही तूच जायचं.

आणि वर्गात एक गोष्ट ठरवून टाक. विद्यार्थिनी वॉर्डात बघेल, वहीत टिपेल आणि ट्यूटरला विचारेल. बाईच्या किंवा बाळाच्या जिवाला आत्ता धोका आहे असं दिसलं, तर मात्र जो जवळ असेल त्याला त्या क्षणी सांगायचं. तिथे मानपान बघायचा नाही. बाकी नवी पद्धत वॉर्डात नेण्याचं ओझं त्या पोरींच्या खांद्यावर नको. त्यांची सही, त्यांचे मार्क, त्यांची हजेरी सगळं दुसऱ्यांच्या हातात असतं. ते ओझं तुझं आहे.

आता पथनाट्याबद्दल. इथे मी तुला थोडं नाउमेद करणार आहे.

मीही नाटक बसवलं होतं. विषय होता जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजणं, आणि मध, गूळपाणी, साखरपाणी काही न देणं. खंजिरी होती, लुगडं नेसून टोपलं घेतलेली आजी होती, शेवटी ती आजी सुधारते असा प्रसंग होता. जिल्ह्याच्या स्पर्धेत ढाल मिळाली आम्हाला. दोन महिन्यांनी मी बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. एक आत्याबाई बाळाला बोटानं मध चाटवत होती, आणि मधाची वाटी धरून उभी होती माझीच विद्यार्थिनी, जी नाटकात आजी झाली होती. मी तिला बाहेर बोलावून विचारलं. ती घाबरली नाही की लाजलीही नाही. म्हणाली, "मॅडम, ते नाटकात होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे हळूहळू उमगलं. आजीनं सुधारायचं हे आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. ती का सुधारली, मध दिल्यानं खरंच काय होतं, ते कुणी कसं तपासलं, असा एकही प्रश्न त्या पोरीच्या मनात मी कधी उभाच राहू दिला नव्हता. तिनं वाक्यं पाठ केली, जशा तुझ्या मुली व्याख्या पाठ करतात. तुझ्या साठ स्लाइडमध्ये आणि माझ्या ढाल मिळवलेल्या नाटकात उणीव एकच होती. आधी उत्तर, आणि प्रश्न कुठेच नाही.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. लहानपणी आजोबांकडून मी त्यांच्या कीर्तनाबद्दल ऐकलं आहे. बाबा सांगायचे कमी आणि विचारायचे जास्त. समोरच्या अडाणी माणसाला एकामागून एक साधे प्रश्न, आणि शेवटी जे बाबांना सांगायचं ते लोकांच्याच तोंडून बाहेर पडायचं. शिकवणाऱ्याला याहून मोठा धडा मला ठाऊक नाही. गावात आरोग्याची गोष्ट पोचवायला पथनाट्य चांगलं, जरूर कर. पण नर्सच्या हाताची सवय बदलायची असेल, तर आधी तिला स्वतःचा अंदाज बांधू दे, तो चुकू दे, आणि मग संशोधन तिच्यापुढे ठेव.

एक प्रसंग सविस्तर सांगते. तुला जसाच्या तसा करता येईल.

एका ग्रामीण रुग्णालयात मी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर शिकवायला गेले होते. भिंतीवर तक्ता होता, ५०० मिली म्हणजे धोका, हे सगळ्यांना पाठ होतं. मी तक्त्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. सकाळी लवकर जाऊन लाल पाणी कालवलं होतं आणि पाच ठिकाणी मोजून ओतून ठेवलं होतं. एक पॅड भिजवलेलं. एक सुती लुगड्याचा तुकडा, चौपदरी घडी घालून, गच्च. एका किडनी ट्रेमध्ये थोडं, वर जेलीसारख्या गुठळ्या. एका चादरीवर डाग. आणि टेबलाखाली फरशीवर थारोळं. प्रत्येकीच्या हातात पाच चिठ्ठ्या दिल्या. बोलायचं नाही, शेजारणीचं बघायचं नाही, नाव लिहायचं नाही. फक्त आकडा लिहायचा आणि त्या त्या डब्यात टाकायचा.

मग मी एकेक डबा उघडून आकडे फळ्यावर लिहिले. लुगड्याच्या तुकड्यात मी ४०० मिली ओतलं होतं. चिठ्ठ्यांवर १००, १५०, १५०, २००, ८० असे आकडे होते. एकीनंही ३०० च्या वर लिहिलं नव्हतं. फरशीवरचं मात्र बहुतेकींनी जास्त लिहिलं, कारण पसरलेलं रक्त भय दाखवतं. कापडात जिरलेलं दिसत नाही, आणि बाई जाते ती त्या जिरलेल्या रक्तानं.

खोलीत कुणी बोलेना. सगळ्यात ज्येष्ठ सिस्टर पुढे आल्या, ते लुगडं दोन्ही हातांनी उचललं, तोललं. म्हणाल्या, "मले वाटलं दीडशे असन." थोड्या वेळानं खाली बसल्या आणि एका बाईची गोष्ट सांगायला लागल्या. कित्येक वर्षांपूर्वीची, जिला 'थोडं जातंय' म्हणून त्यांनी पहाटेपर्यंत ठेवून घेतलं होतं. ती गोष्ट मी इथे लिहिणार नाही, ती त्यांची आहे. पण त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकीला रक्त मोजण्याचं कारण समजलं.

संशोधन मी त्यानंतर काढलं. २००६ मध्ये कर्नाटकात बेळगावकडे झालेल्या अभ्यासात डोळ्यांनी लावलेला अंदाज हा मापाच्या खुणा असलेल्या पिशवीतल्या रक्तापेक्षा ३३ टक्के कमी निघाला होता. म्हणजे आपल्याच खोलीत जे घडलं तेच. मग २०२३ मधला आफ्रिकेतला मोठा अभ्यास. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं. काही रुग्णालयांत नेहमीसारखंच काम चालू ठेवलं. काहींत बाईखाली खुणांची पिशवी लावली आणि रक्त जास्त दिसताच गर्भाशय चोळणं, गर्भाशय आवळणारं औषध, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी, हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू केलं. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या बायांपैकी जेमतेम निम्म्याच ओळखल्या गेल्या. पिशवी लावली तिथे ९३ टक्के ओळखल्या गेल्या. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

हेच आकडे मी स्लाइडवर दाखवले असते तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरले असते. त्या दिवशी कुणी पेंगलं नाही, कारण फळ्यावर त्यांच्याच हातचे आकडे होते. "आमच्याकडे पिशवी कुठं आहे," हा पहिला प्रश्न आला. उत्तरही त्यांच्यातूनच निघालं. बाळाचा वजनकाटा आहे. कोरं पॅड आणि कोरं कापड आधी तोलून आकडा भिंतीवर लिहायचा, भिजलेलं तोलायचं, वजाबाकी करायची. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. कापड आधी प्लास्टिकमध्ये घालून तोलायचं आणि काटा प्रत्येक वेळी पुसून घ्यायचा, नाहीतर बाळांच्या काट्यावर नवंच दुखणं. बाळासाठी तो लागेल तेव्हा मोकळा हवा, हेही त्यांनीच ठरवलं. पुढे पिशव्यांची मागणीही त्याच सिस्टरनी इन्चार्जकडे लिहून दिली. मी कुणाला 'चुकता आहात' असा शब्दही म्हटला नव्हता.

मोठ्या सिस्टर बोलत नाहीत, असं तू लिहिलंस. त्यांना शिकवायला जाऊ नको, परीक्षक म्हणून बोलाव. लाल पाणी त्यांच्या हातून ओतव. आकड्यांचा कागद त्यांच्याकडेच राहू दे. मुलींचे अंदाज चुकताना त्या बघतील आणि मनातल्या मनात स्वतःचाही अंदाज लावतील. तो त्यांनी कुणाला सांगायची गरज नाही. अनुभवाचा अपमान होतोय असं वाटलं की माणूस दार लावून घेतं. त्यांच्याजवळ जे आहे ते तुझ्या-माझ्या पुस्तकात नाही. कळा कधी मंदावल्या, बाईच्या चेहऱ्यावरचा रंग कधी उतरला, हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळतं. आणि पुराव्यावर चालणारं काम म्हणजे नुसतं संशोधन नाहीच. त्यात तीन गोष्टी येतात: चांगलं संशोधन, करणारीचा कसलेला हात, आणि समोरच्या बाईची इच्छा. यातली दुसरी त्यांच्याकडे आहे, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

आता तुझा मूळ विषय, 'संशोधन आणि संख्याशास्त्र'. इंग्रजी व्याख्या बाजूला ठेव आणि मुलींना शेतात ने. खरंच ने, वर्गाबाहेर. तुझ्या मुली कास्तकाराच्या घरच्या आहेत, पऱ्हाटी त्यांच्या हाताखालून गेलेली आहे. विचार त्यांना, "दुकानदार म्हणतो हे नवीन बी भारी आहे. तुझा बाप कसं ठरवेल?" कुणी म्हणेल, एका वावरात लावून बघू. मग विचार, "पीक चांगलं आलं तर ते बियाण्यामुळे की यंदाच्या पावसामुळे?" तेव्हा त्या म्हणतील, त्याच वावरात थोडी तासं, म्हणजे ओळी, जुन्या बियाण्याची, थोडी नव्याची. झाला तुलनेचा गट. "नवीन बी नाल्याच्या बाजूला लावलं अन् जुनं बरडावर, तर?" नाही मॅडम, तसं नाही चालणार, चिठ्ठ्या टाकून ठरवू कोणत्या तासात कोणतं. हे झालं यादृच्छिक वाटप, जो शब्द त्या नुसता घोकतात. "बोंडं मोजणारा दुकानदाराचा साळा असेल तर?" मोजणाऱ्याला सांगायचंच नाही कुठल्या तासात काय आहे. आणि "एका झाडाला शंभर बोंडं लागली म्हणून निकाल लावायचा का?" इथे नमुन्याचा आकार आला. माझ्या एका वर्गानं हे सगळं पाऊण तासात स्वतः शोधून काढलं. त्यातल्या एकीला आधीच्या परीक्षेत त्याच विषयात काठावर मार्क होते, आणि चिठ्ठ्यांचा मुद्दा तिनंच मांडला होता.

पण तिथे थांबू नको. लगेच वॉर्डातली गोष्ट घे. "आमच्या सिस्टर म्हणतात, शेव्हिंग केलं की जंतुसंसर्ग होत नाही." हे एका झाडाची बोंडं मोजल्यासारखं आहे की चिठ्ठ्या टाकून केलेल्या वावरासारखं? मुलींना वाद घालू दे. मी इथे खटला चालवते. आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा करायचा नाही, सवय उभी करायची. 'बाळंतपणाआधी सरसकट शेव्हिंग आणि एनिमा', हा आरोपी. एक बाजू सवयीची वकिली करते, मनापासून, कारण त्या सवयीमागे स्वच्छतेची कळकळ होती. दुसरी बाजू पुरावा मागते. न्यायाधीश निकालात लिहितात की पुरावा किती आणि कसा होता. दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं, कारण चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला नाही. पण तो कागद शेवटी उघड, दोन्ही वकील थकल्यावर. आणि एका सुनावणीत बाळंतीण झालेल्या एखाद्या बाईला साक्षीला बोलाव, तिची तयारी असेल तरच. ब्लेडनं कापलेल्या जागेची आग आणि एनिमानंतरची लाज ती जे सांगते, ते कुठल्याही तक्त्यात नसतं.

वाचनाचं. तुझ्या मुलींना अख्खा इंग्रजी पेपर देऊ नको, त्या बुडतील. कॉक्रेन ही उपचारांवरचं संशोधन गोळा करून पारखणारी संस्था. तिच्या आढाव्यांचे साध्या भाषेतले सारांश कुणालाही फुकट वाचता येतात, तिथून सुरू कर. दोघी-दोघींना एक सारांश दे आणि चार प्रश्न: कुणावर केलं, काय केलं, कशाऐवजी केलं, आणि कशात फरक पडला? मग पाचवा, तो सगळ्यात मोलाचा: आपल्या रुग्णालयात हे बसेल का? उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वीज जाते, एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो. याचा विचार न करता केलेलं संशोधनाचं वाचन अर्धवट आहे. उत्तरं एका पानात, मराठीत, आणि अट एकच: आपल्या गावातल्या आशाताईला वाचून दाखवल्यावर ती कळली पाहिजेत. एका वर्षी मुलींनी वऱ्हाडीत दोन-दोन मिनिटांचे आवाजी निरोप करून मोबाईलवर पाठवले होते. एकीनं तो आईला ऐकवला, आईनं चुलतीला. इंग्रजी वाक्याचा अर्थ स्वतःला लागल्याशिवाय वऱ्हाडीत सांगताच येत नाही, त्यामुळे तिथे पाठांतराला जागाच राहत नाही.

आणि संशोधन म्हणजे परदेशातलं काहीतरी, हा समज पहिल्याच आठवड्यात काढून टाक. तुझ्या शाळेपासून काही तासांवर गडचिरोली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि शेजारच्या गावांशी तुलना ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर घरोघरी जाऊन बाळं तपासतात. तुझ्या मुलींच्या गावची आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन फिरते ना, ती या संशोधनाच्या पोटातून आलेली आहे. हे कळल्यावर मुलींचे चेहरे बघ.

त्यांचीच अजून एक गोष्ट मला फार आवडते. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, हा पुरावा होता. तो पुस्तकात राहिला असता. मण्यांनी तो अक्षरओळख नसलेल्या बाईच्या बोटांत आला. तुझ्या मुलींना बाजारातले मणी आणि सुतळी देऊन हे स्वतः करायला लाव, आणि मग बालरुग्ण वॉर्डात दोघी-दोघी मिळून एकाच बाळाचे श्वास मोजायला सांग, एकमेकींना आकडा न सांगता. बाळ रडत असताना किती येतात, शांत झाल्यावर किती, तीस सेकंद मोजून दुप्पट केले तर किती. मोजमाप किती हलतं हे त्यांना बोटांनी कळेल.

प्राचार्यांचं मला वाईट वाटत नाही. तासिका, तपासणी, निकाल, सगळं त्यांच्या माथी असतं. त्यांच्यापुढे 'नाटक' हा शब्द काढूच नको. लाल पाण्याचा प्रयोग प्रात्यक्षिकाच्या तासात बसतो, खटला संशोधनाच्या तासात, एका पानाचं टिपण असाइनमेंट म्हणून. मास्टर प्लॅनमध्ये तसं लिहून दाखव, एकही जादा तास न मागता. आणि तुमचं रुग्णालय लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात असेल, तर लेबर रूमच्या कर्मचाऱ्यांची कौशल्यं तिथे तपासली जातातच. तेव्हा ही तयारी रुग्णालयालाही हवी आहे, हे वैद्यकीय अधीक्षकांकडून त्यांच्या कानावर जाऊ दे. औषधाचा डोस, नवा प्रोटोकॉल अशा गोष्टी तर डॉक्टरांच्या सहीशिवाय बदलायच्याच नाहीत. तो रस्ता त्यांच्या टेबलावरूनच जातो, म्हणून अधीक्षकांशी आधीपासून बोलणं ठेव.

सुरुवात एकाच सवयीपासून कर. वर्षाला दोन झाल्या तरी पुष्कळ. रक्त तोलणं घेतलंस तर महिनाभर लेबर रूमच्या आतल्या भिंतीवर एक साधा कागद लाव, किती बाळंतपणं झाली आणि किती जणींचं रक्त तोललं, काड्या मारून. बाईचं नाव नाही, सिस्टरचं नाव नाही, आणि त्या कागदावरून कुणाला मेमो मिळणार नाही हे अधीक्षकांकडून आधी वदवून घे. पहिल्या पंधरवड्यात काड्या कमी दिसतील. कागद काढू नको. का कमी, हे सिस्टरनाच विचार. एका ठिकाणी उत्तर आलं होतं की रात्री काटा कुलपात असतो. किल्ली बदलली आणि काड्या वाढल्या.

त्या मुलीला मात्र आत्ताच उत्तर दे, प्रयोग होईपर्यंत ताटकळत ठेवू नको. तिला सांग, पेपरात पुस्तकातलंच लिही. हातानं काय करायचं ते आपण दोघी मिळून शोधू, आणि तू पाहिलेलं वहीत लिहून ठेव, कारण पुढचा खटला तुझ्याच वहीतून उभा राहणार आहे.

तुझी,
ताई

ता. क. लाल पाण्याची रीत विचारशील म्हणून लिहिते. लिटरभर पाण्यात दोन चमचे मैदा कालवून उकळायचा, पातळ खळ झाली की थंड करायची, मग खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको किंवा कॉफी. कुंकू घेऊ नको, तळाशी बसतं. गुठळ्यांसाठी बाजारातली लाल जेली घट्ट करून चमच्यानं फोडायची. ओतताना ५० मिलीची सिरिंज वापर आणि प्रत्येक आकडा त्याच वेळी कागदावर लिही, नंतर आठवत नाही. खळ घट्ट झाली तर कापडात शिरत नाही, वरच राहते, आणि मग लुगड्याचा सगळा प्रयोग फसतो. म्हणून आदल्या रात्री घरी एका जुन्या फडक्यावर करून बघ.